ड्रिताची उलटी उत्तरं

१

रविवारी सकाळी ड्रिताला सलूनमधून काढून टाकलं आणि दुपारी ती बहारीनच्या सीफ भागातल्या ऑफिसात येऊन उभी राहिली. ऑगस्टच्या उन्हात बसस्टॉपपासून चालत आल्यामुळे तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"तुम्ही माझी उत्तरं विकली," ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. "नाव गुप्त राहील म्हणालात. सगळं गुप्त राहील म्हणालात."

उज्ज्वल रामटेकेनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. या सर्व्हे कंपनीत खोटं पकडण्याचं काम त्याच्याकडे होतं. कुणी घरबसल्या फॉर्म भरून पाठवले आहेत का, कुणी एकाच माणसाला दोनदा विचारलंय का, हे फोन करकरून तपासायचं. भंडाऱ्याहून बहारीनला आल्यापासून तो हेच करत होता. तक्रार घेऊन स्वतः चालत आलेलं माणूस मात्र त्याच्या टेबलासमोर सहसा येत नसे.

"बसा आधी," तो म्हणाला. "चहा घेणार?"

तिनं मान आडवी हलवली. त्यानं रिसेप्शनवरच्या दत्तप्रसादला हाताची खूण करून एकच चहा सांगितला. चहा आला तेव्हा ती कपाकडे बघत राहिली, मग तिनं उज्ज्वलकडे बघितलं. रागावलेलं माणूस चहा घेत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

सर्व्हे युरोपातल्या एका संस्थेचा होता. परदेशात जाऊन राहिलेले चिनी आणि अल्बेनियन लोक आर्थिकदृष्ट्या कसे जगतात, कोण सावरतं, कोण मागे पडतं, याची तुलना. बहारीनमध्ये चिनी दुकानदार भरपूर होते. अल्बेनियन शोधावे लागले: हॉटेलात, जिममध्ये, सलूनमध्ये. ड्रिता उत्तरेकडच्या डोंगराळ गावातली होती, केस कापण्यात तरबेज, आईला आणि मुलाला मागे ठेवून आलेली.

"काय झालं ते सगळं सांगा," उज्ज्वल म्हणाला.

सलूनचा मॅनेजर मुनाफ. त्यानं सकाळी तिला समोर उभं केलं आणि तिची उत्तरं तिलाच ऐकवली. तू लपूनछपून दुसरीकडे काम करतेस, तूच सांगितलंस. पासपोर्ट तुझ्याजवळ नाही असं सांगून आमचं नाव खराब केलंस. आणि राहायची जागा चांगली आहे हेही तूच म्हणालीस, मग रोज रडगाणं कशाला? खलास. व्हिसा कॅन्सल.

"वर हसून म्हणाला, आत्ता तिसऱ्या पायरीवर आहेस आणि आठव्या पायरीवर जायची स्वप्नं बघतेस."

उज्ज्वल सावरून बसला. पायऱ्यांचा प्रश्न प्रत्येक मुलाखतीत शेवटी असायचा. शिडीचं चित्र दाखवायचं आणि विचारायचं, आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात, पाच वर्षांनी कुठं असाल? ही गोष्ट बाहेर कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

"तिसरी आणि आठवी, तुम्ही असंच सांगितलं होतं?"

"असंच. पण बाकीचं," तिनं टेबलावर हात आपटला, "बाकीचं मी बोललेच नाही! सगळं उलटं आहे!"

२

मुलाखतीचं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा खोलीत चौघं होती: उज्ज्वल, ड्रिता, ब्रँचचा प्रमुख विश्वजीत आणि मुलाखत घेणारी आबिदा. अल्बेनियन दुभाषी बाई युरोपातून फोनवर होती. मुलाखतीच्या दिवशीही ती तशीच, फक्त आवाजापुरती हजर होती.

दुसरीकडे काम करता का? ड्रिताचा आवाज आला, "यो."

"यो म्हणजे नाही," दुभाषी बाई म्हणाली.

राहायची जागा चांगली आहे का? "यो." आणि पुढं बरंच काही. एका खोलीत किती बायका झोपतात, पाणी कसं जातं.

पासपोर्ट तुमच्याजवळ आहे का? "पो."

"म्हणजे हो."

विश्वजीतनं सुटकेचा निःश्वास टाकला. सांगलीकडचा, उज्ज्वलपेक्षा वयानं बराच लहान, कायम कुठल्यातरी कॉलमधून उठून आल्यासारखा. "उज्ज्वलजी, इशू संपला. तो मुनाफ जे म्हणतोय ते आपल्या डेटात नाहीच. हवेत गोळ्या मारतोय. आपल्याकडून काही लीक नाही."

"आणि पायऱ्या?"

"योगायोग."

"दोन्ही?"

ड्रिता एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मराठी तिला कळत नव्हती, पण तिचं संकट या लोकांना स्वतःच्या डोक्यावरून झटकायचंय, एवढं बहुधा कळत होतं.

"मी परत गेले तर मुलाची शाळा सुटेल," ती हळूच म्हणाली. "मुनाफ म्हणतो, भांडलीस तर कामावरून पळून गेल्याची केस टाकीन."

तेवढ्यात दत्तप्रसादनं दार उघडून आत डोकावलं. "उज्ज्वल, बाहेर अजून एक बाई आलीय. ती लिन, चिनी दुकानवाली, तिनंही मुलाखत दिली होती. आरडाओरडा करतेय."

३

लिनचं घरगुती सामानाचं दुकान मुनाफच ज्या इमारतीचा कारभार बघायचा, तिच्या तळमजल्यावर होतं. वरच्या मजल्यावर ड्रिताचं सलून. इमारतीचा आणि सलूनचा मालक एकच, तो वर्षातून एकदा दिसायचा. बाकी सगळं मुनाफ.

लिन बाजारातल्या हिंदीत बोलायची, मध्ये अरबी टाकायची. "भाई, तुम बोला मफी मुश्किल, कुछ नहीं होगा, कोई नहीं जानेगा. अभी मुनाफ सब जानता. मेरा धंदा अच्छा है, जानता. मैं दूसरा दुकान खोलेगी, जानता. भाडा बढाया. बोला, नहीं देना तो यल्ला, निकलो."

उज्ज्वलनं एकेक गोष्ट विचारली. धंदा बरा चाललाय असं ती म्हणाली होती का? हो. दुसरं दुकान काढायचा विचार? हो. घरचे लोक मदतीला आहेत का? हो. कुणाची देणी आहेत का? नाही. मुनाफला हे सगळं जसंच्या तसं कळलं होतं. शिडीवरची पायरीसुद्धा.

ती गेल्यावर विश्वजीतनं केबिनचं दार लावलं.

"म्हणजे लीक आहे," तो म्हणाला. आवाजातला इंग्रजी तोरा कमी झाला होता. "चिनी बाईचं खरं पोचलं, अल्बेनियन बाईचं खोटं. जो कोणी आहे, त्यानं लिनचं आहे तसं सांगितलं आणि ड्रितावर मुद्दाम खोटं रचलं. त्याचा तिच्यावर राग असणार." तो थांबला. "रेकॉर्डिंग कुणाकडे असतात?"

रेकॉर्डिंग ऑफिसातल्या मयुरेशकडे असत. आणि मयुरेशची बायको दीप्ती त्याच सलूनमध्ये केस सरळ करायला गेली होती. औषधानं केस जळले, भांडण झालं, मयुरेश तिथं जाऊन ओरडून आला होता. ही गोष्ट सगळ्या ऑफिसला ठाऊक होती, कारण त्यानंच चवीनं सांगितली होती.

"तिचे केस ड्रितानं केले होते का?" उज्ज्वलनं विचारलं.

"कुणी का केले असेनात. वरच्यांना या आठवड्यात नाव द्यावं लागेल, उज्ज्वलजी. नाहीतर पूर्ण प्रोजेक्ट जाईल. तुम्ही दुसरं नाव आणलं नाहीत तर मी मयुरेशचं देणार."

दीप्तीला सातवा महिना होता. नोकरी गेली की मयुरेशचा व्हिसा जाणार, त्याच्याबरोबर तिचाही. उज्ज्वलला एकदम खूप थकल्यासारखं झालं. या देशात माणसाचा पगार, घर, बायकोचं बाळंतपण, सगळं एकाच खुंटीला टांगलेलं असतं, आणि ती खुंटी दुसऱ्याच्या भिंतीत असते.

४

मयुरेश दार लागायच्या आतच बोलायला लागला.

"सर, मला सूड घ्यायचा असता तर मी सलूनचं काहीतरी केलं असतं. त्या बाईला मी ओळखतसुद्धा नाही. दीप्तीचे केस दुसऱ्याच मुलीनं केले होते."

"मुनाफला ओळखतोस?"

"भांडलो तेवढाच. तो माझ्याकडून बातम्या घेईल? मला बघितलं तरी तोंड फिरवतो."

हे पटण्यासारखं होतं. पण पटणं आणि सिद्ध होणं यात फार अंतर असतं. मयुरेश आतल्या खोलीत बसायचा, कानात हेडफोन, समोर भिंत. रेकॉर्डिंगला हात लावायची मुभा त्याच्याखेरीज फक्त विश्वजीतला होती, आणि लिनची मुलाखत झाली त्या आठवड्यात विश्वजीत दुबईला होता.

मग आबिदा. रत्नागिरीजवळच्या गावातली, कामाला चोख, बोलायला फटकळ.

"माझ्यावर संशय आहे का सर? असेल तर सरळ विचारा."

"सरळच विचारतो. मुनाफ ओळखीचा?"

"नाही. आणि ओळखीचा असता तरी मी असं उलटंपालटं कशाला सांगेन? ड्रितानं काय म्हटलं ते माझ्या कानात आहे. मी उत्तर कानानं घेते, सर. पहिल्याच अल्बेनियन मुलाखतीत ठरवलं, समोर बघायचंच नाही, फक्त दुभाषी बाईचं ऐकायचं आणि टिक करायचं. नाहीतर घोळ होतो."

उज्ज्वलनं मान डोलावली. इंटरव्ह्यू घेणारे सगळेच आपापल्या सवयी सांगतात. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही.

दत्तप्रसादला त्यानं विचारलं ते घरी, जेवताना. दोघं गुदेबियात एकाच फ्लॅटमध्ये राहायचे. दत्तप्रसाद कुडाळचा. त्याच्या हातची बांगड्याची कढी खाऊन उज्ज्वलसारखा भंडाऱ्याचा माणूस मासे खायला शिकला होता. दोघांच्याही बायका गावी. आजारपणात एकमेकांच्या उशाला बसलेले, एकमेकांच्या घरचे फोन उचलणारे.

"मी रिसेप्शनला असतो, मला काय कळणार?" दत्तप्रसाद भात कालवत म्हणाला. "ती खोली काचेची. दार लागलं की आतलं अक्षर बाहेर येत नाही. आत भांडण झालं तरी मला ऐकू यायचं नाही."

"खोलीच्या आसपास कुणी घुटमळताना दिसलं?"

"नाही रे. चिनी बाई आली त्या दिवशी तर आपण तिघंचौघंच होतो." मग त्याचा चेहरा उजळला. "तुला सांगायचं राहिलं. स्वरूपला आत घेतलं. सलमाबादच्या त्या गोदामात उन्हात माल चढवत होता ना? आता ऑफिसात बसवलाय, एसीमध्ये. व्हिसाही पुढं वाढवून देणार म्हणाले."

स्वरूप त्याचा मुलगा. डिप्लोमा करून आला होता आणि हमाली करत होता. त्या पोराच्या खांद्यावरची सालं निघालेली उज्ज्वलनंही बघितली होती.

"अरे वा! चांगली बातमी," तो मनापासून म्हणाला.

"नशीब," दत्तप्रसाद म्हणाला आणि ताट घेऊन उठला. बांगडा तसाच राहिला होता.

५

ड्रिता एका फिलिपिनो मैत्रिणीच्या खोलीत तात्पुरती राहत होती. दुसऱ्या दिवशी उज्ज्वल तिथं गेला तेव्हा त्याच्याजवळ विचारायला नवीन काही नव्हतं. पण फोनवरून काम झटकणं त्याला बरं वाटेना. येताना त्यानं खालच्या दुकानातून ज्यूसचे दोन डबे घेतले होते.

"घ्या," तो म्हणाला. "आंबा. चालेल?"

तिनं मान आडवी हलवली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

त्यानं डबा परत पिशवीत टाकला. आणि ड्रिता, त्या आठवड्यात पहिल्यांदाच, हसली. थकलेलं, पण खरं हसू.

"परवा चहाही असाच एकट्यापुरता मागवलात," ती म्हणाली. "मी हो म्हणाले. आमच्याकडे हे हो असतं." तिनं पुन्हा मान आडवी हलवली. "आणि हे नाही." मान खालीवर. "इथं येऊन किती वर्षं झाली, पण मान ऐकत नाही. तोंड इंग्रजी शिकलं, मान गावाकडचीच राहिली."

उज्ज्वल डबा हातात धरून तसाच बसून राहिला.

"मुलाखतीतही तुम्ही मान हलवत होता?"

"बोलताना हलतेच ना."

"आणि पायऱ्या? त्या कशा सांगितल्या?"

"उठून पडद्यावर बोट ठेवलं. ही आणि ही."

त्यानं दोन्ही डबे तिच्या हातात दिले आणि निघाला. टॅक्सीत बसल्यावर त्याला आबिदाचं बोलणं आठवलं. समोर बघायचंच नाही, नाहीतर घोळ होतो. तिनं कारणसुद्धा सांगितलं होतं, आणि तो नुसता मान डोलावून मोकळा झाला होता.

ऑफिसात पोचला तेव्हा जेवणाची सुट्टी होती. रिसेप्शनवर कुणी नव्हतं. त्यानं आबिदाला बोलावलं.

"मुलाखतीच्या खोलीत जा. दोघीही जिथं बसल्या होत्या त्या खुर्चीत बस. पडद्यावर प्रश्न लाव आणि दार ओढून घे. प्रत्येक प्रश्नाला मनात येईल ते उत्तर दे, मान हलवून. शिडी आली की उठून बोट ठेव."

बाहेरच्या वर्दळीनं लक्ष विचलित होऊ नये म्हणून उत्तर देणाऱ्याला नेहमी काचेकडे पाठ करून बसवत. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा, त्यावर त्याच्या भाषेत प्रश्न आणि खाली मोठ्या अक्षरांत इंग्रजी.

उज्ज्वल दत्तप्रसादच्या खुर्चीत बसला.

आवाज खरंच येत नव्हता. पण काचेतून पडद्यावरचा प्रत्येक प्रश्न वाचता येत होता. आबिदाची पाठ दिसत होती. आणि मान. खाली, वर. डावीकडे, उजवीकडे. मग ती उठली आणि तिनं शिडीच्या चित्रावर बोट ठेवलं, ते तर रस्त्यावरूनही दिसलं असतं.

तो त्या खुर्चीत हलला नाही. आजूबाजूला पाहिलं. सोफ्यावरून पडदा दिसत नव्हता, मध्ये खांब येत होता. विश्वजीतच्या केबिनमधून फक्त दार दिसत होतं. मयुरेशची खोली मागच्या बाजूला. पडदा आणि मान एकत्र दिसेल अशी जागा ऑफिसात ही एकच होती.

दार ढकलून दत्तप्रसाद आत आला. हातात खबूसचं, अरबी रोट्यांचं पुडकं होतं. आपल्या खुर्चीत उज्ज्वल बसलाय आणि काचेच्या आत आबिदा मान हलवतेय, हे त्यानं बघितलं. पुडकं त्यानं काउंटरवर ठेवलं.

"घरी बोलू," तो म्हणाला. "इथं नको."

६

फ्लॅटवर आल्यावर कुणी पंखासुद्धा लावला नाही. उज्ज्वलला वाटत होतं, दत्तप्रसादच बोलायला लागेल. शेवटी उज्ज्वलनंच सुरुवात केली.

"ज्यांनी ऐकलं त्यांना ड्रिताचं उत्तर 'नाही' आहे हे माहीत होतं. आबिदानं ऐकलं, दुभाषी बाईनं ऐकलं, मयुरेशकडे आवाज होता. यांच्यापैकी कुणी मुनाफला सांगितलं असतं तर खरं पोचलं असतं. विश्वजीत म्हणतो, मुद्दाम खोटं सांगितलं. पण वाईट करायचं होतं तर तिची जागा चांगली आहे असं कशाला सांगेल कुणी? त्यानं तिचं काय बिघडणार होतं? हो-नाहीची सगळी उत्तरं उलटी, आणि बोटानं दाखवलेली दोन्ही बरोबर. लिनची मात्र सगळी बरोबर, कारण चिनी माणसं आपल्यासारखीच मान हलवतात. दोघींचं सांगणारा एकच, दत्ता. त्यानं खोटं रचलं नाही. त्यानं ऐकलंच नव्हतं. नुसतं बघितलं होतं."

दत्तप्रसाद खाटेच्या कडेला बसला होता. "म्हणजे ती नाही म्हणत होती?"

"हो."

"दुसरीकडे काम करत नव्हती?"

"नाही करत."

दत्तप्रसादनं तोंडावरून हात फिरवला. ऑफिसातली भाषा गळून पडली आणि कुडाळची वर आली. "माका काय म्हायत रे तिची मान उलटी हलता ती? मी जा बघलंय ताच सांगितलंय. माझ्या मनान एक शब्द घातलंय नाय."

"मुनाफनं काय सांगितलं होतं तुला?"

"गोदाम त्याच्याच मालकाचं. स्वरूपचा व्हिसा त्यांच्या हातात. मुनाफ म्हणाला, आमची माणसं तुमच्याकडे येणार आहेत, काय बोलतात तेवढं कळव, बाकी काही नको. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही. म्हणाला, दिसतं ना?" तो थांबला. "माझो झील उन्हात गोणी व्हावत होतो, उज्ज्वल. माका बघवत नाय होता. वाटलं, भाडं थोडं वाढेल, कुणाला ओरडा बसेल. बाई रस्त्यावर येईल असं नव्हतं वाटलं."

"तू खरं सांगितलं असतंस तरी ते तिचं गुपित होतं."

"ठाऊक आहे."

"मयुरेशचं नाव पुढं जातंय. तुला माहीत होतं?"

बाहेरून मुलांचा क्रिकेट खेळतानाचा गलका येत होता.

"कालपासून जेवण जात नाही मला," दत्तप्रसाद म्हणाला. "तू विचारशील म्हणून वाट बघत होतो. आपणहून सांगायचं धैर्य नव्हतं." मग त्यानं वर बघितलं. "तू सांगितलं नाहीस तर?"

उज्ज्वलनं त्याच्याकडे पाहिलं. या माणसानं त्याला टायफॉइडमध्ये चमच्यानं पेज भरवली होती.

"मी सांगणार, दत्ता."

"हं," दत्तप्रसाद म्हणाला. "मग मला पुढं जाऊ दे. तू माझ्या मागून ये."

७

दत्तप्रसादनं विश्वजीतसमोर सगळं कबूल केलं. मग कुणी न सांगता, ड्रिता आणि उज्ज्वलबरोबर कामगार खात्याच्या ऑफिसात गेला आणि मुनाफचं नाव घेऊन जबाब दिला. ड्रितानं स्वतः परवानगी देऊन आपलं रेकॉर्डिंग तिथं ऐकवलं. काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. पळून गेल्याची केस पडली नाही. दुसरा मालक शोधायला तिला मुदत मिळाली. नोकरी परत मिळाली नाही, आणि तिलाही ती नको होती.

लिननं तोवर दुकान हलवलंसुद्धा. भाडं वाढल्याच्या दिवशी तिनं चुलतभावांना फोन लावले होते. कुणी गाळा शोधला, कुणी टेंपो आणला, कुणाच्या बायकोनं रात्रंदिवस सामान बांधलं. ड्रिताला फोन लावायला कुणी नव्हतं. तिच्या देशाची माणसं इथं इतकी थोडी, आणि एकमेकांपासून इतकी लांब, की तिनं शेवटी एका सर्व्हे कंपनीचं दार ठोठावलं होतं. उज्ज्वलनं हे आपल्या रिपोर्टात दोन ओळींत लिहिलं. युरोपातून उत्तर आलं की गुप्तता भंगल्यामुळे या दोन्ही मुलाखती तुलनेतून वगळण्यात येत आहेत. आभार.

मयुरेश कामावर राहिला. पेढे द्यायला आला तेव्हा उज्ज्वलनं एक तोंडात टाकला आणि पुन्हा फोन उचलला.

दत्तप्रसादला कंपनीनं तिकीट देऊन गावी पाठवलं. विमानतळावर त्यानं एकच मागणं केलं. "स्वरूपला यातलं काही कळू देऊ नकोस. गुडघे दुखतात म्हणून गेलो म्हण."

शुक्रवारी सकाळी उज्ज्वल सलमाबादला गेला. कामगारांच्या इमारतीत स्वरूपची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दारातच त्याला बॅग उघडी दिसली. स्वरूप शर्टांच्या घड्या घालत होता.

"या काका."

"दत्ता गावी गेला तो अचानकच," उज्ज्वलनं टेकता टेकता सुरुवात केली. "त्याचे गुडघे फारच दुखायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, आता आराम. तू मनाला लावून घेऊ नकोस. म्हणाला, पोरगा मार्गी लागला, आता मी मोकळा."

स्वरूपनं त्याला पूर्ण बोलू दिलं.

"मुनाफनं परवा मला सगळ्यांसमोर सांगितलं, काका. तुझ्या बापानं काय केलं आणि कुणासाठी केलं. मग परत गोदामात पाठवलं." त्याचा आवाज साधा होता, रागाचा नव्हता. "मी जागा सोडली. सोमवारचं विमान आहे."

"अरे, पण इतक्या घाईनं? दुसरं काही बघता येईल. मी विश्वजीतला विचारतो, आमच्याकडे..."

"नको." स्वरूप बॅगेजवळ खाली बसला. "मला इथं यायचंच नव्हतं. कुडाळला मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकायचं होतं मला, जागाही बघितली होती. बाबांनी व्हिसा करून आणला. आल्यापासून ते मला बढती कशी मिळेल, एसीत कसा बसेन, याच्यामागे होते. मी खूश आहे का, ते मला एकदाही कुणी विचारलं नाही."

कितीतरी वेळा तो पोरगा त्यांच्या फ्लॅटवर येऊन जेवून गेला होता. उज्ज्वलनंही कधी विचारलं नव्हतं.

स्वरूपनं बॅगेची चेन ओढली. ती मध्येच अडकली. उज्ज्वल खाटेवरून उतरून जमिनीवर बसला, दोन्ही हातांनी बॅग दाबून धरली, आणि म्हणाला, "ओढ आता."

चेन लागली. मग त्यानं विचारलं, "दुकानाची जागा कुठं बघितली होतीस?"

"एसटी स्टँडच्या मागे," स्वरूप म्हणाला, आणि सांगायला लागला.